पंपाचा वाढदिवस

आमच्याकडे, फ्रीसलँडात,
वाढदिवसांचं कॅलेंडर संडासाच्या दारामागे टांगतात.
साल नसतं त्यावर. नुसते महिने, तारखा,
आणि बसल्या बसल्या आठवावीत ती माणसं.
बाबांच्या तिरक्या अक्षरात आम्ही सगळे आहोत:
आई येल्त्ये, डाउवे, मी, आत्या,
आत्याचा घटस्फोटित नवरा
(त्यानं तिला सोडलं, मला नाही, म्हणायचे)
आणि चौदा नोव्हेंबरला दोन नंबरचा पंप.

चौतीस वर्षं त्यांनी पाणी बाहेर काढलं.
समुद्राच्या दीड मीटर खाली आमचं स्वयंपाकघर.
तिथं उभे राहून पाहुण्यांना शांतपणे सांगत,
"या क्षणी एक मासा तुमच्या टकलावरून चाललाय."
चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही.
पाहुणे वर बघत.
आई म्हणे, सीब्रेन, पुरे.

केक व्हर्नियर कॅलिपरने मोजून कापायचे.
डाउवेला एकदा अर्धा मिलिमीटर जास्त गेला
तर मला म्हणाले, तक्रार लेखी दे, तीन प्रतींत.
मी दिली. मी सात वर्षांची होते.
उत्तर आलं टपालानं, जलमंडळाच्या शिक्क्यासह:
आपला अर्ज विचाराधीन आहे.
अजून आहे.

जे जे उघडून दुरुस्त केलं
त्यातून एक तरी स्क्रू उरायचाच.
वॉशिंग मशीन, शिवणयंत्र,
शेजारच्या हीलत्येबाईंचं श्रवणयंत्र.
"कंपनी उदार आहे," म्हणायचे,
आणि स्क्रू काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.
परवा मोजले. दोनशे बारा.
यंत्रं सगळी चालताहेत.

त्या जानेवारीत वादळ आलं तेव्हा मी नऊ वर्षांची.
तीन रात्री ते पंपघरातून आले नाहीत.
चौथ्या पहाटे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
बुटांसकट झोपलेले सापडले,
ओठ फुटलेले, कोपरापर्यंत ग्रीस.
हलवलं तर डोळे न उघडता म्हणाले,
"कोरडं आहे. झोप."
विनोद नाही, काही नाही.
त्यानंतर घरात कुणी शुभरात्री म्हटलंच नाही.
दिवा मालवताना एकजण विचारायचा, कोरडं?
दुसऱ्या खोलीतून यायचं, कोरडं.

डॉक्टरांनी हृदयाचं चित्र दाखवलं.
बराच वेळ बघून म्हणाले, "गाळ साचलाय,
आणि या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत."
हसावं की नाही, डॉक्टर ठरवत राहिले.
आम्हाला ठाऊक होतं, ते निदान करत होते.

शवपेटी चर्चमध्ये ठेवली
तेव्हा डाउवेनं कोटाच्या खिशातून
बाबांची छोटी पाणसळ काढली, झाकणावर ठेवली.
बुडबुडा डावीकडे सरकला.
आई पहिल्या रांगेतून, सगळ्यांना ऐकू जाईलसं,
"त्याला चालणार नाही. पाचर घाल."
प्रार्थनेच्या कागदाच्या चार घड्या करून
त्यानं पायाखाली सारल्या.
बुडबुडा मध्यावर आला, थरथरला, थांबला.
मागं कुणीतरी फिस्सकन हसलं,
मग सगळं चर्च, मग आई,
आणि मग आई हसत नव्हती.

आज चौदा नोव्हेंबर.
सफरचंदाचा केक घेऊन आम्ही दोघी
बांधावरून सायकलींनी गेलो.
वारा समोरून. इथं तो जातानाही समोरून असतो, येतानाही.
पंपघरात नवा इंजिनियर, रेइंडर,
सव्वीसचा, कान लाल.
आम्ही काही बोलायच्या आत त्यानं खण उघडला:
मेणबत्त्या, काडेपेटी, कॅलिपर.
म्हणाला, "माझ्या पहिल्याच आठवड्यात
त्यांनी लेखी विचारलं होतं,
पंपानं स्वतः मेणबत्ती फुंकली तर नियमभंग होतो का."
मग?
"विचाराधीन आहे."

आईनं कॅलिपर हातात घेतलं, उघडलं, मिटलं,
परत ठेवलं,
आणि केक अंदाजानं कापला.
रेइंडरला मोठा तुकडा गेला.
मी कागद मागितला.